फ्लॉरेन्स नाइटिंगेल

रात्रीची वेळ आहे. इस्पितळाच्या लांबलचक दालनांत शेकडो आजारी व जखमी सैनिक दाटीवाटीने पडले आहेत. कोणी कण्हत आहे, कोणी तापाच्या ग्लानीत बरळत आहे. इतक्यात दाराशी एका दिव्याचा मंद प्रकाश दिसतो. हातात दिवा घेऊन एक सडपातळ स्त्री हलक्या पावलांनी रुग्णांच्या रांगांमधून पुढे येते. कोणाचे पांघरूण सारखे करते, कोणाच्या कोरड्या ओठांना पाणी लावते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे हे चित्र सर्व जगाच्या परिचयाचे आहे. पण त्या दिव्याच्या प्रकाशात तिच्या जीवनकार्याचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला अर्धा भाग कागद, लेखणी आणि आकड्यांचे रकाने यांत दडलेला आहे. दिव्याने तिला कीर्ती मिळवून दिली; परंतु माणसे का मरतात आणि त्यांना कसे वाचविता येईल, हे तिला आकड्यांनी शिकविले.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात झाला. तिचे आईवडील इंग्लंडमधील सधन घराण्यातले. त्या वेळी ते इटलीत प्रवासाला आले होते. जन्मगावाचेच नाव त्यांनी मुलीला दिले. तिची थोरली बहीण नेपल्स शहरी जन्मली होती. त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव पार्थेनोपी, म्हणून तिचे नावही पार्थेनोपी ठेवण्यात आले होते. पुढे हे कुटुंब इंग्लंडला परतले. डर्बीशायर व हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांचे दोन प्रशस्त वाडे होते. घरी कशाचीही वाण नव्हती.

फ्लॉरेन्सचे वडील विद्याव्यासंगी होते. मुलींना शाळेत न पाठविता त्यांनी स्वतःच घरी शिकविले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान असे नाना विषय फ्लॉरेन्सने वडिलांपाशी आत्मसात केले. परंतु तिचे मन सर्वांत अधिक रमे ते गणितात. गणिताचा आणखी अभ्यास करावा असा हट्ट तिने धरला, तेव्हा आईला ते मुळीच रुचले नाही. चारचौघांत वागावे कसे, पाहुण्यांचे आदरातिथ्य करावे कसे आणि चांगल्या घरी संसार थाटावा कसा, एवढे मुलीला आले म्हणजे झाले, अशी त्या काळच्या श्रीमंत घराण्यांची समजूत होती. बेरजा, गुणाकार आणि प्रमेये यांचा मुलीला काय उपयोग, असे आईला वाटे. तरी फ्लॉरेन्सने आपला छंद सोडला नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ साली, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे अशी जाणीव तिला झाली. ही सेवा कोणती, हे तिला लगेच उमगले नाही. पण आसपासच्या गोरगरिबांच्या झोपड्यांतून ती आजाऱ्यांना भेटू लागली, तेव्हा रुग्णशुश्रूषा हेच आपले जीवितकार्य आहे असे तिच्या मनाने घेतले. घरात जणू वीज कोसळली. त्या काळी परिचारिकेचा धंदा अत्यंत हलका समजला जाई. इस्पितळे म्हणजे घाणीची आगरे. तेथे काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित आणि पुष्कळदा व्यसनी. अशा ठिकाणी कुलीन घरातील मुलीने पाऊल ठेवावे, ही कल्पनाच आईला व बहिणीला असह्य झाली. अनेक वर्षे हा संघर्ष चालला. फ्लॉरेन्सने लग्नाची मागणी नाकारली. पहाटे घरातील मंडळी झोपेत असताना ती मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाची, त्यांतील आकडे उतरून घेई, त्यांची कोष्टके मांडी. कोणत्या देशातील कोणत्या इस्पितळात किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती दगावले, हे तिला मुखोद्गत होऊ लागले.

अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझरस्वेर्थ येथील संस्थेत तिने तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८५३ साली लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा इस्पितळाची व्यवस्था तिच्या हाती आली. वडिलांनी तिला दरसाल पाचशे पौंड देण्याचे ठरविले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती स्वतंत्र झाली.

पुढील वर्षी तिच्या कसोटीचा प्रसंग आला. मार्च १८५४ मध्ये इंग्लंड व फ्रान्स हे तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरले. काळ्या समुद्राच्या उत्तरेस असलेल्या क्रिमिया द्वीपकल्पात मोठी लढाई जुंपली. जखमी व आजारी इंग्रज सैनिकांना जहाजांत घालून समुद्रापार, इस्तंबूलसमोरील स्कूटारी येथे आणीत. तेथील हालांची वर्णने वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. युद्धखात्याचा मंत्री सिडनी हर्बर्ट हा फ्लॉरेन्सचा स्नेही होता. त्याने तिला स्कूटारीला जाण्याची विनंती केली. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना बरोबर घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबरला स्कूटारीला पोहोचली.

तुर्कांची एक अवाढव्य बराक इस्पितळासाठी घेण्यात आली होती. बाहेरून ती भव्य दिसे. पण आतील दृश्य भयंकर होते. खाटा पुरेशा नव्हत्या. रुग्ण जमिनीवर पडलेले. अंगावर मळके, रक्ताळलेले कपडे. उंदीर आणि उवा यांचा सुळसुळाट. इमारतीखालून मैलावाहिन्या गेल्या होत्या, त्या तुंबून त्यांची दुर्गंधी भिंतींतून वर येत होती. फ्लॉरेन्सने जमेल तेवढे सर्व केले. धुलाईची सोय केली, स्वयंपाकघर सुरू केले, स्वच्छ सदरे, चादरी व भांडी मिळविली. दिवसभर ती कामात असे आणि रात्री दिवा घेऊन रुग्णांची विचारपूस करी. सैनिकांना ती देवतेसमान वाटू लागली. तिच्या दिव्याची वार्ता इंग्लंडला पोहोचली आणि घरोघरी तिचे नाव झाले.

तथापि एक गोष्ट घडत नव्हती. माणसे मरावयाची थांबत नव्हती. उलट हिवाळा वाढला तसे मृत्यूही वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर उपचारासाठी आलेल्या दर शंभर रुग्णांपैकी ४२ रुग्ण मृत्युमुखी पडत होते. ते बहुधा जखमांनी मरत नव्हते. पटकी, अतिसार, आमांश, विषमज्वर हे रोग त्यांचे बळी घेत होते.

मार्च महिन्यात सरकारने पाठविलेले आरोग्य-मंडळ स्कूटारीला आले. त्यात डॉक्टर जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे होते. त्यांनी रुग्णांना औषधे दिली नाहीत. त्यांनी इमारतीकडे लक्ष दिले. तुंबलेल्या मैलावाहिन्या धुऊन काढल्या. पाण्याच्या वाटेत मेलेली जनावरे कुजत होती, ती काढून टाकली. भिंतींना चुन्याची सफेदी दिली, हवा खेळती राहावी म्हणून झरोके पाडले. त्यानंतर मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरू लागली. जूनमध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे २ मृत्यू, इतके ते प्रमाण खाली आले. मे महिन्यात क्रिमियाच्या पाहणीसाठी गेली असता फ्लॉरेन्स स्वतःही तापाने मरणाच्या दारी जाऊन परत आली. त्या आजाराने तिची प्रकृती कायमची खालावली. परंतु युद्ध संपेपर्यंत तिने आपली जागा सोडली नाही.

ऑगस्ट १८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली. तिच्या स्वागताची जंगी तयारी चालली होती. पण मिरवणुका आणि जयघोष टाळून, टोपणनावाने प्रवास करून ती गुपचूप घरी आली. सारे राष्ट्र तिचे गुणगान करीत होते. तिच्या डोळ्यांपुढे मात्र स्कूटारीच्या दफनभूमीत पुरलेले हजारो तरुण उभे होते. ते का मेले, हा प्रश्न तिला चैन पडू देईना.

उत्तर शोधावे तर इस्पितळाच्या नोंदवह्यांत शोधावे लागणार होते, आणि त्या नोंदवह्यांची स्थिती शोचनीय होती. मृत्यूंची नोंद निरनिराळी खाती निरनिराळ्या वह्यांत ठेवीत आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नसे. एकाच रोगाला एक वैद्य एक नाव देई, तर दुसरा दुसरे. किती माणसे मेली, एवढी साधी गोष्टही नक्की सांगता येत नव्हती. या कामी तिला विल्यम फार याचे साहाय्य लाभले. फार हा एका गरीब शेतमजुराचा मुलगा. स्वकष्टाने तो वैद्यकशास्त्र शिकला होता. इंग्लंडमध्ये १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंदणी सुरू झाली होती, तिच्या कचेरीत तो काम करी. कोणत्या गावी, कोणत्या वयाची, कोणत्या रोगाने किती माणसे मरतात, याचा हिशेब मांडण्यात त्याचा हातखंडा होता. इंग्लंडच्या काही निरोगी परगण्यांत वर्षाला दरहजारी १७ हून अधिक मृत्यू होत नाहीत, हे त्याने पाहिले. मग जेथे याहून अधिक माणसे मरतात, तेथील जादा मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, असा त्याचा सिद्धांत होता.

दरहजारी हिशेब कशासाठी करावयाचा, हे एका साध्या उदाहरणाने समजेल. एका नगरात दहा हजार माणसे राहतात आणि वर्षात शंभर मरतात. एका खेड्यात पाचशे माणसे राहतात आणि वर्षात दहा मरतात. नुसते मृत्यू मोजले तर नगर अधिक रोगट वाटेल. पण दरहजारी प्रमाण काढले तर नगरात ते १० येते आणि खेड्यात २०. म्हणजे धोका खेड्यात दुप्पट आहे. शिवाय तुलना करावयाची ती सारख्याशी सारख्याची. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले अधिक दगावतात. म्हणून तरुणांची तुलना तरुणांशीच केली पाहिजे. हे दोन नियम पाळले म्हणजे आकडे सत्य बोलू लागतात.

फ्लॉरेन्सने आणि फारने आकड्यांना असे बोलके केले, तेव्हा जे सत्य बाहेर आले ते फ्लॉरेन्सला जिव्हारी लागणारे होते. सैनिक उपासमारीने व थंडीने आधीच खंगून स्कूटारीला येत आणि म्हणून मरत, अशी पुष्कळांची समजूत होती. प्रारंभी तिचीही तशीच समजूत होती. पण आकडे सांगत होते की, स्कूटारीचे इस्पितळ हेच मृत्यूचे मोठे घर झाले होते. ज्या महिन्यांत ती अहोरात्र सेवा करीत होती, त्याच महिन्यांत पायाखालच्या घाणीने माणसे मरत होती. नुसत्या प्रेमळ शुश्रूषेने ती वाचण्यासारखी नव्हती. मैलावाहिन्या साफ झाल्या तेव्हाच मृत्यूचा हात आवरला.

हे सत्य तिने झाकून ठेवले असते तर तिला कोणी दोष दिला नसता. तिची कीर्ती शिखरावर होती. परंतु फ्लॉरेन्सने तो मार्ग पत्करला नाही. आपल्या हयातीतील सर्वांत मोठ्या कार्याचा हिशेब तिने स्वतःच कठोरपणे मांडला आणि तो सरकारपुढे ठेवला. मेलेल्यांसाठी आता काही करता येण्यासारखे नव्हते. जे जिवंत होते त्यांना वाचविणे मात्र शक्य होते.

आता तिने युद्धाकडून शांततेकडे दृष्टी वळविली. स्वदेशात, सुरक्षित बराकींतून राहणाऱ्या सैनिकांचे मृत्यू तिने मोजले. सैन्यात घेताना तरुणांची शरीरप्रकृती तपासून घेतात. रोगट व दुबळ्या तरुणांना घेतच नाहीत. तेव्हा सैनिकांत मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांपेक्षा कमी असावयास हवे. प्रत्यक्षात ते उलट होते. नागरिकांत दरहजारी ११ मृत्यू होत, तर सैन्याच्या निरनिराळ्या विभागांत १७, १९ आणि २०. लढाई नाही, शत्रू नाही, तरी राष्ट्रातील निवडक तरुण बराकींतील दाटी, कोंदट हवा आणि सदोष गटारे यांमुळे मरत होते. गोळीने मेलेला सैनिक सर्वांना दिसतो. असा हळूहळू मेलेला सैनिक कोणालाच दिसत नाही. तो फक्त आकड्यांत दिसतो.

सप्टेंबर १८५६ मध्ये स्कॉटलंडमधील बॅल्मोरल येथे राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती आल्बर्ट यांची फ्लॉरेन्सने भेट घेतली व लष्कराच्या आरोग्याची चौकशी व्हावी अशी विनंती केली. लष्करी अधिकाऱ्यांनी चालढकल केली. तिने पिच्छा सोडला नाही. मे १८५७ मध्ये चौकशीमंडळ नेमले गेले. सिडनी हर्बर्ट त्याचा अध्यक्ष झाला. स्त्री असल्यामुळे फ्लॉरेन्सला त्यात स्थान नव्हते. पण त्या मंडळाच्या कामामागील खरी शक्ती तीच होती. तिने स्वतः आठशेहून अधिक पृष्ठांचा एक ग्रंथ लिहून काढला आणि १८५८ साली तो छापविला.

परंतु कोष्टके वाचण्याचा कंटाळा माणसांना फार. मंत्री आणि सरदार आकड्यांची पाने उलटून पुढे जातील, हे फ्लॉरेन्स ओळखून होती. म्हणून तिने आकड्यांचे चित्र काढले. एका केंद्राभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. ज्या महिन्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, त्या महिन्याची पाकळी क्षेत्रफळाने तितकी मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांनी झालेले तांबड्या रंगात आणि इतर कारणांनी झालेले काळ्या रंगात. जानेवारी १८५५ ची पाकळी सर्वांत मोठी आहे. त्या एका महिन्यात सुमारे ३२ हजारांच्या सैन्यात रोगांनी २,७६१ माणसे मेली, जखमांनी ८३ आणि इतर कारणांनी ३२४. हेच प्रमाण वर्षभर टिकते, तर केवळ रोगांनी ते सारे सैन्य नष्ट झाले असते. त्या चित्रात निळा रंग दूरवर पसरलेला आहे आणि तांबडा रंग मध्यभागी जेमतेम दिसतो. खरा शत्रू रशियाची तोफ नसून घाण होती, हे ज्याला गणित येत नाही त्यालाही एका दृष्टिक्षेपात कळावे, अशी ती योजना होती. शेजारच्या दुसऱ्या चित्रात पुढील वर्षाच्या पाकळ्या आहेत. स्वच्छता झाल्यावर त्या लहान लहान होत गेलेल्या दिसतात. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत तर क्रिमियातील सैनिकांच्या मृत्यूंचे प्रमाण स्वदेशातील बराकींत राहणाऱ्या सैनिकांपेक्षाही कमी झाले होते.

या पुराव्यापुढे विरोध टिकला नाही. बराकींत हवा व उजेड आला, पाणी व गटारे सुधारली, स्वयंपाकघरे नीट झाली, लष्करी वैद्यकाची शाळा निघाली. काही वर्षांतच स्वदेशातील सैनिकांचे मृत्युप्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने फ्लॉरेन्सला आपले सदस्यत्व दिले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री-सदस्य होय. लहानपणी गणितासाठी आईचा रोष पत्करणाऱ्या मुलीला याहून समर्पक गौरव कोणता?

एव्हाना तिचे शरीर थकले होते. १८५७ नंतर ती बहुधा घरातच आणि पुष्कळदा अंथरुणावरच असे. पण तिची लेखणी विसावली नाही. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात, जनतेने तिच्या सन्मानार्थ जमविलेल्या निधीतून, परिचारिकांची शाळा सुरू झाली आणि एके काळी हलक्या समजल्या गेलेल्या धंद्याला प्रतिष्ठा आली. त्याच वर्षी लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे तिची एक योजना मांडण्यात आली. सर्व इस्पितळांनी रोगांची नावे एकसारखी वापरावी व नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्या, म्हणजे एका इस्पितळाची दुसऱ्याशी तुलना करता येईल, असे तिचे म्हणणे होते. तिचे सर्वच प्रयत्न सफल झाले असे मात्र नाही. १८६१ च्या इंग्लंडच्या शिरगणतीत घराघरांतील आजारी माणसे आणि घरांची स्थिती यांचीही नोंद करावी, अशी सूचना तिने केली होती. राहते घर आणि आरोग्य यांचा संबंध त्यावरून कळला असता. पण सरकारने ती स्वीकारली नाही. त्याच वर्षी सिडनी हर्बर्टही वारला आणि तिचा मोठा आधार तुटला.

तिच्या कार्याचा एक मोठा भाग आपल्या देशाशी निगडित आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याची संख्या वाढविण्यात आली. त्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली मंडळ नेमले गेले. फ्लॉरेन्सने प्रश्नांचे छापील नमुने तयार करून ते येथील छावण्याछावण्यांना पाठविले. पाणी कोठून येते, गटारे आहेत काय, एका खोलीत किती माणसे झोपतात, किती आजारी पडतात, किती मरतात, असे ते प्रश्न होते. उत्तरांचे ढीग लंडनला तिच्या घरी येऊन पडले. १८६३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा होता. त्यावरून दिसून आले की, हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांत दरसाल दरहजारी ६९ मृत्यू होत होते. लोक त्याचा दोष येथील उष्ण हवामानाला देत. फ्लॉरेन्सने दाखवून दिले की, दोष हवामानाचा कमी आणि गढूळ पाणी, दाटी, घाण व मद्यपान यांचा अधिक आहे. दुसऱ्या वर्षी मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांत आरोग्य-मंडळे स्थापन झाली. १८७३ पर्यंत ६९ चे प्रमाण १८ वर उतरले.

हे यश गोऱ्या सैनिकांपुरते होते. छावणीच्या कुंपणाबाहेर कोट्यवधी रयत राहत होती. तिच्या मृत्यूंचा असा काटेकोर हिशेब कोणी ठेवीत नव्हते. आसपासची गावे रोगट राहिली तर छावणीही निरोगी राहणार नाही, हे फ्लॉरेन्सने प्रथम ओळखले. आणि पुढे तर छावणीपेक्षा गावांचीच काळजी तिला अधिक वाटू लागली. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. रयतेची उपासमार, सावकारी कर्ज, पाटबंधाऱ्यांची उणीव यांवर तिने १८७८ साली लंडनच्या एका मासिकात तळमळीने लिहिले. भुकेलेल्या माणसाला केवळ स्वच्छतेचे धडे देऊन भागत नाही, त्याच्या दारिद्र्याचाही विचार केला पाहिजे, हे तिला पटले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे पत्रकार व समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या, लंडनला १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली. ज्या देशासाठी तिने जवळजवळ चाळीस वर्षे लेखणी झिजविली, तो देश पाहण्याचा योग मात्र तिला आला नाही.

फ्लॉरेन्सच्या सर्वच कल्पना बरोबर होत्या असे नाही. रोग दूषित हवेने होतात, असे तिच्या काळच्या पुष्कळ विद्वानांप्रमाणे तिलाही वाटे. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि ते स्वीकारावयास तिला वेळ लागला. तरीही तिने दाखविलेला मार्ग चुकीचा ठरला नाही. कारण तो नुसत्या तर्कावर आधारलेला नव्हता, मोजमापावर आधारलेला होता. कोठे अधिक माणसे मरतात आणि कोठे कमी, हे आधी मोजावे; मग दोन्ही ठिकाणांत फरक काय आहे तो शोधावा; तो दूर करावा; आणि पुन्हा मोजून पाहावे, अशी तिची रीत होती. आजही निरनिराळ्या देशांतील, नगरांतील व समाजांतील आरोग्याचा अभ्यास करणारे याच रीतीने चालतात.

१९०७ साली इंग्लंडच्या राजाने तिला आपल्या राष्ट्रातील एक अत्युच्च सन्मान दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. तोपर्यंत तिची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये तिचे देहावसान झाले. राष्ट्रातील थोर पुरुषांना वेस्टमिन्स्टर ॲबे येथे पुरतात. तेथे तिला पुरण्याची तयारी सरकारने दाखविली. परंतु आप्तांनी तो मान नम्रपणे नाकारला. हॅम्पशायरमधील एका खेड्याच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी, तिला चिरविश्रांती देण्यात आली. तिच्या थडग्यावर तिचे पूर्ण नावही नाही. नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच तेथे कोरलेले आहे.

तिचा जन्मदिवस, १२ मे, हा जगभर परिचारिका-दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी तिच्या दिव्याचे स्मरण होते. ते योग्यच आहे. पण त्याबरोबर तिच्या वहीचेही स्मरण झाले पाहिजे. दयाळू अंतःकरणाला एक रुग्ण दिसतो आणि ते कळवळते. परंतु जे डोळ्यांसमोर नाहीत, ज्यांचे कण्हणे ऐकू येत नाही, अशा हजारो माणसांविषयी कळवळा वाटावयाचा तर ती आधी मोजली गेली पाहिजेत. नोंदवहीतील प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असतो, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल कधी विसरली नाही. म्हणूनच तिचे आकडे कोरडे राहिले नाहीत आणि तिची करुणा आंधळी राहिली नाही.